दारात म्हटलेला शब्द

रविवारी सकाळी सिंकमध्ये पुन्हा मासा दिसला, तेव्हा तिला आधी मुलीचाच राग आला.

मासा नीट साफ करून पांढऱ्या बशीत ठेवला होता. शेपूट कापलेलं, डोकं मात्र शाबूत. सगळं जग आधी डोकं उडवतं. तिचा नवरा तेवढा शेपटापासून सुरुवात करायचा. "त्याने माझ्याकडे बघत राहावं, म्हणजे हात थरथरत नाही," असं वर समर्थन.

आणि नवऱ्याला जाऊन महिना उलटला होता.

बाजारात सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. आठवडाभर लोकांचे नंबर तपासायचे, काचा घासायच्या, आणि रविवार उजाडला की गळ, डबा आणि घडीची खुर्ची घेऊन तळ्यावर. मासा वीतभर, थापा हातभर. तिने त्या तळ्याला सवत म्हणून टाकलं होतं. पण निघताना ते दारात थांबून "येतो" म्हणायचे, आणि तिने "या" म्हटल्याशिवाय पायरी उतरायचे नाहीत. ती रुसून गप्प बसली, तर हे चपला घालून तसेच उभे. तिला शेवटी हसू यायचं. फार जीव होता तिचा त्यांच्यावर.

तळ्याकाठी खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. घरातून त्यांना शेवटचं बाहेर नेलं, तेव्हा सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "या."

नणंदेने तिचं तोंड दाबलं. "अगं वहिनी, असं म्हणतात का कधी!"

त्यानंतर दर रविवारी मासा येऊ लागला.

"आई, तूच आणतेस आणि विसरतेस," मुलगी म्हणाली. "तू एकटी राहू नकोस. घर बंद करू, माझ्याकडे चल."

"मी आणत नाही. दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे."

"म्हणजे मी आणते? कशासाठी?"

"मला वेडी ठरवायला."

मुलीचे डोळे भरून आले. तेवढ्याने आईचा संशय काही गेला नाही. लहानपणी हीच पोरगी बापाशेजारी बसून मासे साफ करायला शिकली होती. शेपटापासून.

पुढच्या शनिवारी मुलगी मुक्कामाला आली. आईने दाराला आतून कडी घातली, मुलीने ती ओढून पाहिली. दोघी एकाच पलंगावर झोपल्या आणि दोघींनीही एकमेकींवर नजर ठेवली.

सकाळी कडी जशीच्या तशी होती. बशीत मासा होता.

मुलीने आईचा हात धरला आणि नाकाशी नेला. आईने मुलीचा नेला. दोन्ही हातांना साबणाचाच वास होता. मग दोघींनी घाईघाईने हात सोडले.

"बॅग भर," मुलगी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

हे घर सोडायचं नाही, असं आईने मनाशी घट्ट ठरवलं होतं. इथेच संसार झाला, इथेच मरायचं. पण आता ठामपणे काय सांगणार? आपण वेड्या नाही हे तिचं तिलाच खात्रीने सांगता येईना. तिने मुकाट्याने दोन साड्या बॅगेत टाकल्या.

उन्हं चांगली वर आली होती. समोरचा शेजारी गाडी धूत होता. मुलीने दार ओढून घेतलं, कुलपात किल्ली घातली. आई पायरीवर ओठ घट्ट मिटून उभी होती. दारात काही बोलायची तिला आता भीती वाटत होती.

पण शाळेत जायच्या वयापासूनची सवय. मुलगी बंद दाराला बोलून गेली.

"येते हं, बाबा."

आत नळ सुरू झाला.

मुलीने आईकडे पाहिलं. आई तिच्या शेजारीच उभी होती.

नळ बंद झाला. ओले पाय फरशीवरून दारापर्यंत आले आणि थांबले.

चष्मेवाले मुलीला निरोप देताना "ये" म्हणायचे. बायकोलाही "ये"च. दोघी एकत्र निघाल्या, तरच ते वेगळं म्हणायचे.

दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, ओळखीच्या आवाजात उत्तर आलं.

"या."