नजर न टेकलेलं

नागपूरच्या दृष्टिसंशोधन केंद्रात डॉ. मालिनी तिरपुडे यांनी माणसाच्या नजरेचा अभ्यास करण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. स्वतःचं घर मात्र त्या कुणाच्या नजरेस पडू देत नसत. पसारा असा की आवरायचं म्हटलं तरी घाम फुटावा. कुठून हात घालायचा हेच कळत नसे. कुणी येतो म्हणालं की बाई हटकून आजारी पडत.

पण घरातलं नकोसं सामान शोधून देणारं 'निवडक' हे यंत्र त्यांचं आणि डॉ. उके यांचं. पहिली चाचणी घरीच घ्यायची ठरली, तेव्हा पळवाट उरली नाही. आठवडाभर त्या नजरमापी चष्मा लावून वावरल्या आणि आज उके दारात उभे होते.

"जपून या, पाय ठेवायला जागा नाहीये," मालिनीबाई म्हणाल्या. लाजेनं त्यांचे कान तापले होते.

खिडकीजवळ त्यांची थोरली बहीण, ताई, लसूण सोलत बसली होती. नवरा गेल्यापासून ती इथेच राहत होती. "आज आवरून होईल ना गं?" तिनं विचारलं. "मग कमलला बोलावीन म्हणते. किती वर्षं झाली मैत्रिणीला भेटून."

"बघू," उके यांच्या हातातली यंत्राची पेटी घेत मालिनीबाई म्हणाल्या.

"हे करतं काय?" ताईनं उके यांना विचारलं.

"रोज तीच वस्तू तिथंच दिसली की मेंदू तिची दखल घेणं सोडतो, ताई. डोळा पाहतो, मेंदू गाळतो. आठवडाभरात मॅडमची नजर ज्यावर टेकलीच नाही, त्यावर यंत्राचा हा दिवा लाल ठिपका टाकेल. ते घरातून गेलं तरी मॅडमना चुकल्यासारखं वाटणार नाही."

"आणि एखादं ठेवायचं असलं तर?"

"मॅडमनी हाच चष्मा लावून त्याच्याकडे नीट पाहायचं. नजर जराशी टेकली की ठिपका विझतो."

"सोपं आहे की," ताई म्हणाली.

दिवा फिरू लागला. रद्दीवर, बंद पडलेल्या कूलरवर, तडकलेल्या बरण्यांवर, कधीच न उघडलेल्या खोक्यांवर ठिपके उमटत गेले. मालिनीबाईंना हलकं वाटू लागलं. एवढंच होतं होय, आणि आपण उगाच धसका घेतला होता. मग दिवा खिडकीकडे वळला आणि थांबला.

ठिपका ताईच्या पदरावर पडला होता.

"बिघाड असेल," मालिनीबाई घाईघाईनं म्हणाल्या.

उके यांनी यंत्र तपासलं. "नाही मॅडम." त्यांचा आवाज खाली गेला. "माणसं वगळायला हवी होती. पण माणसावर ठिपका पडेल, असं मनातच आलं नाही."

आठवडाभर जेवणाचं ताट ताईनंच हातात दिलं होतं. बोलणंही रोज झालं होतं. पण ताट घेताना डोळे फोनवर असायचे आणि बोलताना दाराच्या कडीवर, कुणी येतंय की काय म्हणून.

ताईनं पदर झटकून पाहिला. ठिपका तिच्या बोटांवर आला. "माझ्याकडे बघ की गं," ती म्हणाली, पानात मीठ वाढ म्हणावं इतक्या साधेपणानं. "विझतो म्हणाले ना ते."

मालिनीबाईंनी मान वर केली. ताईचे केस पार पांढरे झाले होते. केव्हा झाले? शरम अशी दाटून आली की त्यांचे डोळे आपोआप फरशीकडे गेले. त्यांनी पुन्हा मान वर केली, डोळे पुन्हा खाली गेले.

ताई वाट पाहत बसून राहिली. ठिपका विझला नाही.