ओट्यावरची चटई

म्वानाकोम्बोने घरात प्रवाळाची टाकी मांडली ती खिडकीपासून लांब, कारण समुद्रकाठच्या जांबियानी गावातलं ऊन थेट पडलं की पाण्याला शेवाळ धरतं. काच नवऱ्याने, मकामेने आणली. पाणी भरतीचं. आतली सगळी कारागिरी मात्र तिची. दिवसभर किनाऱ्यावरच्या प्रवाळशेतीत बायकांबरोबर दोऱ्यांना प्रवाळाचे तुकडे बांधायचे आणि घरी येऊन पुन्हा तेच.

"दिवसभर समुद्रात बुड्या, घरी आलो तरी समुद्रच," मकामे कुरकुरायचा. "माणसाने जावं कुठे?"

सिमेंटमध्ये वाळू आणि शंखांचा चुरा कालवून तिने टाकीसाठी घर घडवलं. त्यांचंच घर, दारापुढच्या ओट्यासकट. संध्याकाळी त्या ओट्यावर कुणी कुठे बसायचं हे वर्षानुवर्षं ठरलेलं. माणसं मात्र तिने घडवली नाहीत. मूर्ती करणं बरं नव्हे, हे लहानपणी मदरशात डोक्यात भरलेलं अजून उतरलं नव्हतं.

"ओटा केलास, आणि वुआईची जागा?" तिच्या आईने, बी सुबिराने विचारलं.

वुआई म्हणजे म्वानाकोम्बोचा धाकटा भाऊ. मासेमारीला गेला, त्याची होडी परत मिळाली, तो मिळाला नाही. म्हातारीने त्याच्या मयतीची नमाज पढू दिली नव्हती. खऱ्या ओट्यावर त्याच्या जागी ती रोज चटई अंथरायची आणि कुणी चुकून टेकलं तर हाताला धरून उठवायची.

"आई, आता टाकीतसुद्धा?"

"जागाच नसली तर पोरगं येऊन बसेल कुठे?"

म्हातारीपुढे कुणाचं काय चालणार! म्वानाकोम्बोने त्या चटईचा कोपरा ओल्या सिमेंटवर दाबला. विणीची नक्षी सुरेख उठली.

"शेजारी जावयाचीही कर की," बी सुबिरा म्हणाली. खऱ्या ओट्यावर मकामे वुआईच्या शेजारीच बसायचा.

"नको हं!" मकामे एकदम म्हणाला. त्याच्या आवाजात गंमत नव्हती. "पाण्यात माणसाची जागा धरली की पाणी हक्क सांगतं. माझा बापही हेच सांगायचा."

म्हणून ओटा एकाच माणसापुरता राहिला. सिमेंटचा चुना उतरेपर्यंत तिने तो पिंपात भिजत ठेवला, मग टाकीत मांडला, आणि घराच्या भिंतींना प्रवाळ चिकटवलं. ओट्याला एक तुकडाही लावला नाही.

प्रवाळ महिन्याला नखभर वाढतं, तेही लाड केले तर. ओट्यावर ते आपणहून उगवलं आणि भराभर वाढलं. आधी नुसता उंचवटा. मग दुमडलेले गुडघे. मग खांदे, आणि त्यातला डावा खाली उतरलेला. वुआई लहानपणी माडावरून पडला होता, त्याचा डावा खांदा कधी नीट बसलाच नाही.

"तुला ढगातही भाऊ दिसेल," मकामे म्हणाला. पण त्या दिवसापासून तो टाकीकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

बी सुबिरा मात्र काचेला गाल लावून रडली. "आला गं. बसला एकदाचा." त्या शुक्रवारी तिने नमाज पढू दिली, चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. म्वानाकोम्बोला इतकं हलकं वाटलं की आपण कशाला घाबरत होतो, हेच तिला कळेना.

मग एका सकाळी टाकी पुसताना तिचा हात थांबला. ओटा लांब झाला होता.

वुआईच्या शेजारी आणखी एकाची जागा होती. सपाट, मोकळी. वर चटईची नक्षी.

"मकामे!"

"तो ओहोटीलाच गेला," आई आतून म्हणाली. "प्रवाळाच्या कड्यापलीकडे. का गं?"

तिने छिन्नी घेतली आणि पाण्यात हात घालून ती जागा फोडली. बोटं सोलली. एकेक कपची वेचून तिने अंगणात टाकली आणि किनाऱ्याकडे धावली.

ऊन कलेपर्यंत ती वाळूत उभी होती. एकेक शीड येत होतं, त्याचं नव्हतं. आलं तेव्हा ती रडतच पाण्यात शिरली. मकामे हसत उतरला, हातात दोन ऑक्टोपस.

"रडतेस काय वेडे? मेलो की काय मी?"

घरी तो खुर्चीत बसून चहा प्यायला. टाकीकडे तोंड करून.

"आज गंमत झाली," तो म्हणाला. "पाण्यात, कड्याखाली एक दगड दिसला. अगदी आपल्या ओट्यासारखा. जरा टेकलो."

"टेकलास?"

"बरं वाटलं गं. दम लागलाच नाही."

तिने विचारलं नाही, शेजारी कोण होतं.

तो हात धुवायला उठला. गुडघ्यांच्या मागे, मांड्यांवर चटईच्या विणीचे वळ उमटले होते. खुर्ची लाकडाची होती. चटई माळ्यावर होती.

तिने पदराने एक वळ पुसून पाहिला. त्यात पांढरं, खरखरीत काहीतरी धरलं होतं. नखभर.