काकडीचा बैल

बाहेर या भाऊ, त्या ट्रकखाली झोपून काही होणार नाही. स्प्रिंगचा तुटलेला पाटा आज जोडला जायचा नाही, आणि शहरातून दुसरा यायला उद्याची दुपार उजाडेल. कंदील इथे मध्ये ठेवा. मी हाक मारली आणि तुम्ही पटकन ओ दिलीत, म्हणून बसले. या छावणीत मला कुणी ओ देत नाही. का देत नाही, ते सांगते.

नदीपलीकडे आमचं गाव होतं, लुआलबोर. त्या दिवशी मावशीकडून मासे आणायला निघाले होते. माझा दीर थोआन अंगणात रेडिओ कानाला लावून बसला होता. राजधानीतल्या, जुबातल्या हंगामी सरकारला आणखी दोन वर्षं वाढवून दिली, अशी बातमी होती.

"वहिनी, आता शांतता पक्की," तो म्हणाला.

"हंगाम माशांचा असतो, ज्वारीचा असतो," मी म्हटलं. "तुमच्या सरकारचा हंगाम किती वर्षं चालायचा रे?"

तो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या पक्षाचे दोन तुकडे झाले होते. एक तुकडा जुबात खुर्चीला चिकटलेला, दुसरा बंदुका घेऊन झाडीत शिरलेला. थोआन खुर्चीवाल्यांचा. माझा नवरा बुओम झाडीवाल्यांबरोबर गेला. एका आईच्या दुधावर वाढलेले दोघे, पण पुढाऱ्यांनी भांडायचं आणि आमच्या घरात चुली वेगळ्या व्हायच्या, ही आमच्याकडची रीतच झाली आहे.

मागच्या कापणीनंतर बुओम मेल्याचं कळलं. प्रेत आलं नाही. मग सासूने त्याच्या नावाने बैल कापवला, खरा बैल, पांढरा. बैल कापला की माणसाचा जीव त्याच्याबरोबर जातो आणि घराशी असलेला धागा तुटतो. मागे राहिलेल्यांनी अंगावरची राख धुवायची आणि कामाला लागायचं. मीही लागले. चार वर्षांची रुआच पदरात होती, रडत बसून कसं भागणार?

मासे घेऊन परतताना ऊन उतरलं होतं. गावावर गोवऱ्यांचा धूर बसला होता. वाटेत एक जुनं हिंगणबेटाचं झाड आहे. त्याच्याजवळ आले आणि ओल्या राखेचा वास आला.

"न्याबेल."

"ओ," मी म्हटलं. डोळ्यांनी बघायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

बुओम बुंध्याला टेकून बसला होता. अंगात जाताना घातलेला तोच शर्ट. पाय घोट्यापर्यंत सुजलेले.

"मासे ताजे दिसतात," तो म्हणाला.

"घ्या ना... भाजून देते."

"नको. भूक लागत नाही."

"रुआचचे बाबा... तुम्ही जिवंत आहात?"

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "चालत आलो, एवढं कळतं. ऐक. उद्या पहाटे ते येणार. आमचेच लोक. रुआचला घे आणि आज रात्रीच नदी ओलांड."

"थोआन तर म्हणतो, शांतता..."

"थोआनला मी आत्ताच हाका मारल्या. इथूनच गेला तो... त्याने मान वळवली नाही."

मी मासे खाली ठेवले आणि त्याच्या पायांना हात लावायला वाकले. तो घाईने मागे सरकला. मग मी पळत सुटले.

सासू ज्वारीचा घाटा ढवळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ओ दिलीस?"

"दिली."

"अगं करंटे! जीव बैलाबरोबर गेला. जे परत आलंय ते नुसतं कातडं. त्याला ओ दिली की ते आपला आवाज धरतं. ज्याचा आवाज धरला जातो, त्याच्या नावाचा बैल फार दिवस थांबत नाही." तिने तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाली, "पाय सुजलेत का गं माझ्या पोराचे?"

तिने भोपळ्याच्या वाडग्यात घाटा वाढला, कुंपणाबाहेर नेऊन ठेवला आणि मागे न बघता आत आली.

थोआन मात्र भडकला. "उद्या सकाळी चर्चसमोर धान्य वाटणार आहेत. तू रात्रीत पळालीस तर म्हणतील, थोआनचं घर झाडीवाल्यांना फितूर. मेलेल्याचं ऐकून जिवंतांच्या मानेवर सुरी ठेवतेस?"

त्याचं काय चुकीचं होतं? पण बुओम हयातीत माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता. सगळे निजल्यावर मी रुआचला पाठीला बांधलं आणि वरच्या उताराने नदीत शिरले. पाणी हनुवटीला लागलं, पोर मानेला घट्ट बिलगली. पलीकडच्या लव्हाळ्यात पोचले आणि पहाटे मागे गोळीबार सुरू झाला. चर्चच्याच बाजूने. थोआन धान्याच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे होता म्हणतात.

पुढे मला ताप भरला. लव्हाळ्यात किती दिवस पडून होते, देव जाणे. रुआच कमळाचे कंद उकरून खायची आणि मलाही भरवायची. अंगात चालण्याइतकं बळ आलं तेव्हा आम्ही या छावणीत पोचलो. गावातले वाचलेले लोक आधीच आले होते. मला बघून बायकांनी माना खाली घातल्या. सासू धावत आली, रुआचला कवटाळलं, आणि माझ्या अंगावरून नजर अशी गेली, जशी रिकाम्या जागेवरून जाते.

"आई, मी न्याबेल!"

सासू आत गेली. शेवटी एका शेजारणीने माझ्याकडे पाठ करून, वाऱ्याशी बोलावं तसं सांगितलं, "नदीत एक बाई सापडली. तोंड माशांनी खाल्लेलं. गळ्यात न्याबेलसारखेच निळे मणी. मग म्हातारीने न्याबेलचं उरकलं. छावणीत बैल कुठून आणणार? काकडी कापली."

तुम्ही परके, तुम्हाला हसू येईल. आमच्याकडे अडचणीच्या वेळी रानकाकडी कापतात आणि तिलाच बैल म्हणतात. देवाला ते चालतं. पण मला चालायला नको? एका काकडीने, भाऊ! मी ओरडले, छाती बडवली, हा बघा घाम, ही बघा भूक म्हणाले. बुओमला भूक नव्हती, मला होती. काकडीने धागा अर्धाच तोडला असेल, अशी मी मनाची समजूत घालायचे.

दुधाचे दात असलेल्या पोराच्या नावाने आमच्यात काही कापत नाहीत, म्हणून रुआच जिवंतांतच राहिली. ती सासूच्या तंबूत, मी कुंपणाबाहेर. संध्याकाळी सासू माझा वाडगा ठेवून जायची. रुआचला ताकीद होती, आईने हाक मारली तर ओ द्यायची नाही. पोर मला बघितलं की दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरायची आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी काढायची. तेव्हापासून मी तिला हाक मारणं सोडलं.

मग एके दिवशी भर दुपारी तंबूच्या सावलीत बसले असताना मला कळलं. कसं, ते विचारू नका. दूध नासलं की उघडून बघायच्या आधीच वास येतो, तसं कळलं. जुबात कुणीतरी रागावून खुर्ची सोडली होती, त्याचे लोक नदीकडे निघाले होते आणि पहाटे छावणीत शिरणार होते. मी दारोदार फिरले. सासूच्या पायावर डोकं आपटलं. "आई, पोरीला घेऊन जा! मला नका नेऊ, तिला न्या!"

"वारा सुटलाय," सासू शेजारणीला म्हणाली. तिने विळा जवळ ओढला.

दिवस मावळायला आला तशी मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. पोरीला हाक मारायची आणि घेऊन पळायचं, एवढंच उरलं होतं. पण तिने ओ दिली तर ती माझ्यासारखी होणार. नाही दिली तर पहाट आहेच. उचलून न्यावं म्हणावं तर तंबूच्या दारात सासू विळा घेऊन बसलेली. भाऊ, कुठल्याही आईवर देवाने अशी वेळ आणू नये. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला ते जमेना.

"ओ, आई!"

तंबूतून रुआचचा आवाज आला. आनंदाने फुटलेला. मागचा कापडी पडदा वर करून ती बाहेर पळाली.

मी तर अजून हाक मारलीच नव्हती.

ती माझ्याकडे आलीच नाही. कुंपणाच्या दुसऱ्या टोकाने नदीकडे निघाली, मोठ्या माणसाचं बोट धरून चालतात तसा एक हात वर करून. तिच्या शेजारी कुणी नव्हतं, फक्त ओल्या राखेचा वास होता. मी धावले. कितीही धावले तरी अंतर तेवढंच राहिलं, आणि लव्हाळ्यापाशी ती दिसेनाशी झाली.

पहाटे ते आले. सासूचा तंबू पहिला पेटला. राख थंड झाल्यावर मी हातांनी चाळली. म्हातारीचा विळा सापडला, म्हातारी सापडली. रुआचचं काहीच नव्हतं.

म्हणजे पोर वाचली ना, भाऊ? तुम्ही सांगा. माझ्याशी दुसरं कुणी बोलत नाही.

रोज रात्र चढली की मी लव्हाळ्यापाशी जाऊन बसते. आतून रुआच हाक मारते, "आई!" अगदी जवळून. मी जीव एकवटून ओ द्यायला जाते. पण माझे ओठ हलायच्या आत लव्हाळ्यातून कुणीतरी ओ देतं, आणि तो आवाज माझाच असतो.