दुसऱ्या गिअरची गोळी

ही गोष्ट खरी आहे. कुणाला थाप वाटली तर वाटो. पण आमचा नागूमामा थापा मारणाऱ्यातला नाही. छप्पन साली धर्मांतर झालं आणि दहिवलीच्या घरातून देव, भुतं, अंगारे-धुपारे सगळं बाहेर काढलं, तेव्हा सगळ्यात पुढं हाच होता.

साल चौऱ्याहत्तर. फेब्रुवारी महिना. जागा, कशेळ्याचा जीप थांबा.

आणि वेळ रात्रीची नाही बरं का... टळटळीत दुपार.

मामा जीपगाड्यांचा मिस्त्री. गिअरबॉक्स उघडावा तर त्यानंच. त्या दिवशी निरोप आला, गजा ड्रायव्हरची जीप कशेळ्यात अडकलीय, दुसरा गिअर पडत नाही, लगेच या. मामा सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून पोचला.

पोचला, आणि जीप बघून सायकलवरच थबकला.

मागच्या बाकावर गजाची बायको भागी आडवी पडली होती. पहिलं बाळंतपण. उशाशी येसूबाई सुईण.

"मिस्त्री, पोर आडवं हाय," येसूबाई म्हणाली. "माज्या हातातलं नाय आता. सांज व्हायच्या आत कर्जतला दवाखान्यात न्या, नायतर दोगंबी जातील."

दुसरी गाडी नव्हती. एसटी यायची ती थेट संध्याकाळी.

मामानं पिशवी खाली ठेवली. ही जीप त्यानं ओळखली होती.

दोन वर्षांपूर्वी ती भागीचा भाऊ धाऊ चालवायचा. तेव्हाही गिअरबॉक्स मामानंच उघडला होता. मामाची एक पद्धत होती. निघेल तो पार्ट गोणपाटावर ओळीनं मांडायचा, शेवटी निघालेला आधी बसवायचा. झाकण लागलं की गोणपाट रिकामं दिसलं पाहिजे.

त्या दिवशी गोणपाटावर एक पोलादी गोळी उरली.

हरभऱ्याएवढी. दुसरा गिअर जागेवर धरून ठेवते ती.

मामाला घाई होती. घरी पुतणीला बघायला पाहुणे यायचे होते. आता परत कोण उघडणार, असं म्हणून त्यानं गोळी खिशात टाकली आणि गाडी देऊन टाकली.

आठव्या दिवशी कडावच्या अलीकडच्या उतारावर गिअर सुटला. ब्रेक तर नावालाच होते. जीप मोरीवरून खाली गेली. धाऊ जागच्या जागी गेला.

लोक म्हणाले, प्यायला असणार.

अरे, त्या पोरानं दारूच्या थेंबाला कधी तोंड लावलं नव्हतं! मामाला हे माहीत होतं. तरी मामा गप्प बसला. आमचा मामा असला म्हणून काय झालं, वाईट ते वाईटच.

जीप ठोकून-ठाकून पुन्हा रस्त्यावर आली. आता ती गजाकडे होती, आणि गिअर सुटू नये म्हणून तो लिव्हरला रबरी ट्यूब बांधून दिवस काढत होता.

मामानं जीपच्या तळाचा पत्रा काढला. झाकण उघडलं. गिअर सरकवणारा काटा निसटला होता. तो बसवला. मग रिकाम्या जागेत नवी गोळी घातली, वर नवी स्प्रिंग. झाकण आवळलं.

वळून बघितलं...

गोणपाटावर एक गोळी होती.

पुन्हा उघडलं. आतली गोळी जागेवर. बाकीच्या गोळ्याही जागेवर. पुन्हा आवळलं.

गोणपाटावर गोळी... तेलानं ओली.

मामानं ती उचलली आणि समोरच्या शेतात लांब भिरकावली. मागं फिरला.

गोणपाटावर गोळी.

"गजा, मस्करी करतोस का रं?"

"मी? मी इकडं भागीला पानी पाजतोय. किती येळ लावता, मिस्त्री? ती जाईल हो माजी!"

चार वाजले होते. मामानं गोणपाट तसंच टाकलं.

"काढ गाडी. मी येतो बरोबर."

तो पुढच्या सीटकडे वळला, तशी भागीनं डोळे उघडले.

"तितं नका बसू... तितं दादा बसलाय."

"कळांनी बरळतेय," येसूबाई म्हणाली. "बसा तुमी."

मामा बसला. दिवसभर उन्हात तापलेली सीट... थंडगार होती.

जीप निघाली. गिअर व्यवस्थित पडत होते. मग तो उतार आला.

गजानं दुसरा टाकला आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर घेतले. लिव्हर थरथरायला लागली. मामानं ती दाबून धरायला हात पुढं केला.

तळव्याखाली... बोटं होती.

दिसत काहीच नव्हतं. पण बोटं होती. थंड, तेलकट. मूठ घट्ट धरलेली.

आणि ती गिअर बाहेर ओढत होती.

मामानं अंगातली सगळी ताकद लावली. लिव्हर तरी सरकत होती... थोडी, आणखी थोडी. समोर मोरी दिसायला लागली. मागं भागी किंचाळली.

"धाऊ," मामा पुटपुटला, "तुजी भन हाय रं मागं."

ओढणं थांबलं. पण बोटं सुटली नाहीत.

"माजी चूक होती. तू प्यायला नव्हतास. सांगतो मी... भागीला सांगतो, सगळ्या वाडीला सांगतो. हिला पोचू दे फक्त."

बोटं निघून गेली.

इंजिनाच्या आवाजात गाडीत कुणालाच काही ऐकू आलं नाही. पाचच्या आत दवाखाना गाठला. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

याला आज बारा वर्षं झाली.

भागी दर वर्षी भाताची झोडपणी झाली की नव्या तांदळाची पिशवी घेऊन दहिवलीला येते. "मिस्त्रीदादा, तुमी होता म्हनून माजी पोर हाय," म्हणते. आणि मग हटकून म्हणते, "दादा तेवढा दारूपायी गेला बगा आमचा."

मामा मान खाली घालून बसतो.

मला त्यानं सगळं सांगितलं, गेल्या महिन्यात, दार लावून. भागीला नाही. "पुढच्या खेपेला सांगेन," म्हणतो. मी चिडलो, भांडलोसुद्धा. मग त्याचा चेहरा बघून विषय सोडला.

काल भागीचा निरोप आलाय. रविवारी मिस्त्रीदादांना वाडीवर जेवायला न्यायचंय, गजा जीप घेऊन येईल.

रस्ता तोच आहे. मामानं अजून हो-नाही काही कळवलेलं नाही.