दहापैकी पाच

दुरुस्तीवाल्या काकूंनी हातात धरून खेळायच्या गेमयंत्राचं अडकलेलं बटण काढलं, पुसलं आणि परत बसवलं. "खेळून बघ गं, चालतंय का."

तिने गेम सुरू केला. पडद्यावरचा इवलासा कंदीलवाला टुणटुण उड्या मारत सरकत्या फळ्यांपाशी आला... आणि सवयीप्रमाणे खड्ड्यात पडला.

"नववी पातळी?" शेजारी चार्जर घेऊन उभा असलेला तरुण हळूच म्हणाला.

"आठवडा झाला!" ती मान वर न करताच म्हणाली. "हे कोडं ज्याने रचलंय ना, तो एकदा भेटू दे. कानच उपटते त्याचा."

तो खाली वाकला. डोकं तिरकं करून त्याने कान पुढे केला.

"उपटा."

काकू फिस्सकन हसल्या. तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण कानापुरतीच गोष्ट नव्हती. एका साप्ताहिकातलं गेमचं पान ती लिहायची, आणि गेल्याच अंकात या गेमला तिने दहापैकी पाच गुण दिले होते.

"म्हणजे... ते परीक्षण माझंच," तिने सांगून टाकलं.

"'डोकं तल्लख, पाय निसरडे,'" त्याने तिचंच वाक्य म्हणून दाखवलं. "पाठ आहे."

"राग आला असेल."

"दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आई म्हणाली, बरं झालं, घराबाहेरचं कुणीतरी तुझ्याशी खरं बोललं! बाकीच्यांनी नऊ-नऊ गुण दिलेत हो, पण त्यातल्या एकानेही पाचव्या पातळीपुढचं काही लिहिलेलं नाही." तो थांबला. त्याच्या डोळ्यांत मिश्कील चमक आली. "एक विचारू? परीक्षण तर छापून झालं. मग अजून का खेळताय?"

तिने मान खाली घालून पुन्हा खेळ सुरू केला. गालांवर मात्र उत्तर उमटलं असावं, कारण तो नजर वळवून उगीचच चार्जरची वायर गुंडाळू लागला.

मग भेटी सुरू झाल्या. त्याच्या ऑफिसखालच्या बाकावर, जेवणाच्या सुट्टीत. तो उडी सुधारून आणायचा, ती खेळायची, नाक मुरडायची.

"अजून घसरतोय."

"कुठे? माझ्या हातून नाही घसरत."

"तुमच्या हाताला सवय आहे... दाखवा बरं."

मग एकाच यंत्रावर दोघांचे अंगठे. डब्यातला घास तसाच राही, आणि त्याची दोघांनाही खंत नसे.

दोन महिन्यांनी गेमची सुधारलेली आवृत्ती आली. संपादकबाईंनी ती तिच्याच टेबलावर ठेवली.

"पाच दिले होतेस ना? आता बघ."

रात्रभर विचार करून सकाळी ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाई, हे मला नाही लिहिता येणार."

"का? इतका वाईट आहे?"

"गेम नाही... म्हणजे, गेम करणारा..."

"तो वाईट आहे?"

"चांगला आहे," ती पुटपुटली. "फार."

संपादकबाईंनी चष्मा काढून तिला नीट न्याहाळलं. "अस्सं! मग तात्यांना देते. ते सख्ख्या भावालाही सहाच्या वर देत नाहीत."

तात्यांनी सात दिले! अंक हातात येताच ती धावतच बाकापाशी गेली. त्याने पान दोनदा वाचलं. खाली तात्यांचं नाव पाहून त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही का नाही लिहिलं? आवडला नाही?"

"परीक्षण लिहिणाऱ्याने तटस्थ असावं लागतं."

"मग?"

"मग काय..." तिने श्वास घेतला. "मी नाही राहिले तटस्थ."

त्याने अंकाची घडी घातली – चुकली – पुन्हा घातली. कानाच्या पाळ्या लाललाल.

"मी तर पहिल्या दिवसापासूनच नव्हतो," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

तो चमकला. "'नाहीस' म्हणालीस?"

"म्हणाले," ती म्हणाली, आणि त्याच्याजवळ सरकून बसली. "आता डबा उघड. भूक लागलीय."