पाखडून टाकलेल्या ज्वाला

वरचं दार संध्याकाळी पाच वाजता काँक्रीटने कायमचं बुजवावं, अशा अहवालावर डॉ. हेमांगी दिवेकरने सकाळी नऊला सही केली आणि मग ती बराच वेळ पेनाचं टोपण शोधत बसली. टोपण पेनाच्याच मागे लावलेलं होतं.

एका लाल बटू ताऱ्याकडे कायम एकच बाजू ठेवून फिरणाऱ्या ग्रहाच्या पोटात तळवस्ती वसली, त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली होती. चौतीस वर्षांच्या हेमांगीचा जन्म तिथलाच. या ताऱ्याचे क्ष-किरण ती अकरा वर्षं मोजत होती, पण तारा तिने डोळ्यांनी कधीच पाहिला नव्हता. आता तो दिसणारही नव्हता, आणि याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं.

"आपलं काही चुकलं नाही ना?" तिने सहकारी यासीन मुजावरला विचारलं.

"चुकणार कुठे? सूर्याचं चुंबकत्व अकरा वर्षांच्या चक्रात वाढतं आणि ओसरतं. वाढलं की ज्वाला उसळतात, ओसरलं की तारा निवतो. आपल्या ताऱ्याला तसं चक्र असतं, तर निवलेल्या काळात माणसं वर गेली असती. पण तीस वर्षांचा क्ष-किरणांचा आलेख सपाट आहे. म्हणजे ज्वाला कधी येईल याचा नेम नाही, आणि उघड्यावर सापडलेला माणूस वाचत नाही."

तेवढ्यात भागूमावशी डबा घेऊन आत आल्या. वस्तीचा मुदपाकखाना पहिल्या दिवसापासून त्यांच्या हातात होता.

"भाजणी पुन्हा खवट झाली," त्या म्हणाल्या. "आणि वर दार बुजवताय म्हणे. मला कुणी विचारलं?"

वस्तीची एक रीत होती. ज्वाला उसळली की भोंगा होई, सगळे खालच्या बोगद्यात उतरत आणि धोका टळेपर्यंत मावशी त्यांना गरम थालिपिठं वाढत. त्यासाठी भाजणी कायम तयार असे.

"पुन्हा म्हणजे?" हेमांगीने विचारलं.

"अगं, दर सात वर्षांनी होतं हे. भोंगाच होत नाही, मग थालिपिठं लावू कुणासाठी? आताही चार महिने झाले, भोंगा नाही."

हे दोघा शास्त्रज्ञांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. प्रयोगशाळा सर्वांत खालच्या बोगद्यात होती, त्यामुळे तिथे भोंगा लावलेलाच नव्हता. आणि वरच्या दुर्बिणीला जोडलेली 'पाखडणी' ही यंत्रणा ज्वाला दिसताच भोंगा वाजवी, मोजणीतला तेवढा तुकडा पाखडून टाके आणि उरलेलं खाली पाठवी. एका मोठ्या ज्वालेने सरासरी बिघडते, म्हणून संस्थापकांनी लावलेली ही शिस्त.

"यासीन, पाखडलेलं जातं कुठे?"

"जुन्या साठ्यात. तो कुणी उघडत नाही."

त्याने तो उघडला. तासाभरात पडद्यावर नवा आलेख उभा राहिला. दर सात वर्षांनी एक खोलगट भाग, आणि त्या भागात जवळजवळ वर्षभर एकही ज्वाला नाही. पाचवा खोलगट भाग आत्ताच सुरू झाला होता.

"चक्र नुसतं ज्वालांमध्येच आहे," यासीन हळूच म्हणाला. "बाकीचे किरण बदलतच नाहीत."

"आणि आपण तीस वर्षं नेमक्या ज्वालाच फेकत आलो," हेमांगी म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली.

यासीनने फोन करून काँक्रीट थांबवलं. मग तो डोकं खाजवू लागला.

"पण नुसत्या आलेखावर माणसं वर कशी पाठवायची? आधी कुणीतरी सुखरूप जाऊन यायला हवं."

मावशी डब्याचं झाकण निरखू लागल्या.

"मावशी?" हेमांगी म्हणाली.

"दार कोठाराच्या मागेच आहे ना गं. किल्ली माझ्याकडेच असते. चाळीस दिवस भोंगा झाला नाही की जायचे, नाकाला हवेची नळी लावून. मागच्या तीन खेपांना गेले."

"पण कशाला?"

"कुरडया काय बोगद्यात वाळतात होय?"

लग्नात, बारशात, आपल्या डॉक्टरेटच्या पंगतीत आवडीने खाल्लेल्या कुरडया दोघांनाही आठवल्या. मावशींच्या छातीवरची, अंगावर पडलेले किरण मोजणारी पट्टी दरवर्षी तपासली जाई. ती दरवर्षी स्वच्छ निघे, म्हणून कुणी काही विचारलं नव्हतं.

पाच वाजता वरचं दार उघडलं.

हेमांगीला जो आजवर आलेखातली रेघ म्हणून ठाऊक होता, तो तारा क्षितिजाच्या जरा वर, परातीएवढा, तांबूस आणि अगदी शांत होता. तिला फार आनंद झाला. ती नुसती बघत राहिली.

मागून मावशी कुरडयांच्या चिकाचं पातेलं घेऊन आल्या.

"तो काही मावळत नाही, उद्याही इथेच असतो," त्या म्हणाल्या. "चीक गार होतोय. सोऱ्या धर."