टोपड्याची गाठ

"कुठं गाठ राहिली का गं?"

आईचा हा आवाज मी चौदा वर्षांची असताना ऐकला. मुरुडच्या घरी, भर दुपारी, बंद दाराच्या आतून. मी बाहेरून "न्हाई" म्हणाले. त्या एका शब्दाबद्दल पुढं मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही.

आज मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. बिलोलीच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले आणि नांदेडला तरोड्याकडं दोन खोल्यांच्या घरात येऊन राहिले. एकटीच. सकाळी दूध आणि पेपर येतो. त्यानंतर दिवसभर दार वाजत नाही. दुपारी उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत पलंगाच्या पायाशी आला, की मी क्रोशाची सुई घेऊन बसते.

विणायला मला आवडतं. उशीच्या अभ्र्याची लेस, दाराचं तोरण, पाण्याच्या तांब्यावरची मण्यांची झाकणी, असं लहानसहान. दोरा बोटावरून सरकतो, विणीचं एकेक घर मोजावं लागतं, आणि मोजताना माणूस दुसरं काही आठवत नाही. बारा खांबांचं, म्हणजे उभ्या टाक्यांचं फूल, पुढच्या फेरीला चोवीस, मग छत्तीस. चुकलं तर उसवता येतं. माझी शेवटची निरगाठ मात्र कधी कुणाला सुटली नाही. बिलोलीच्या बायका म्हणायच्या, मॅडमची गाठ दातानं बी निघत न्हाई.

वरच्या मजल्यावर तनुजा आणि अंगद भाड्यानं राहतात. अंगद भोकरला बँकेत जातो-येतो. तनुजा रेशमाच्या दोऱ्याच्या बांगड्या आणि मोत्यांचे झुमके करून मोबाइलवर फोटो टाकते आणि विकते. सातवा महिना लागल्यावर तिला एकटीला वर करमेना, मग डबा घेऊन माझ्याकडं येऊन बसू लागली. दोघी आपापलं करत बसायचो. ती बोलायची, मी मोजायचे.

"मावशी," एक दिवस ती म्हणाली, "टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, मिक्सरला बी रुमाल. माझ्या लेकराला एक टोपडं करा की. का मिक्सर जास्त लाडका हाय?"

"बाजारात मिळतात की चांगली."

"बाजारातली सगळ्यांचीच असतेत."

"मी लहान बाळाचं कधी केलं नाही गं."

"चौतीस वर्षं पोरांना रडवलंत, एका लेकराला टोपडं घालायला काय अवघड हाय?" ती हसली. मग मोती ओवता ओवता, मान वर न करता म्हणाली, "माय असती तर तिनं केलं असतं. सासूबाई म्हणतेत, आम्हाला असलं येत न्हाई."

पुढं मला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी वजिराबादेत जाऊन पिवळ्या लोकरीचे दोन गुंडे आणले.

*

टोपडं मी पूर्वी एकदाच हाताळलं होतं. ते गुणाक्काचं होतं.

गुणाक्का माझी थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणाला मुरुडला माहेरी आली होती. ती डावखुरी होती, त्यामुळं तिच्या फेऱ्या उलट्या दिशेनं फिरायच्या. कडुलिंबाखाली बसून गुलाबी लोकरीचं टोपडं विणायची आणि हळू आवाजात म्हणायची:

सैल सोडिला गं दोरा, पाव्हणं अजून वाटंवर
उंबऱ्याशी आल्याबिगर गाठ न्हाई टोकावर

आमच्याकडं ती रीतच होती. पोटातल्या लेकरासाठी काही विणलं, तर लेकरू येईपर्यंत शेवटची गाठ मारायची नाही. शेवटचं घर उघडं ठेवायचं. उसवू नये म्हणून अक्का त्यात बाभळीचा काटा खोचून ठेवायची. मी विचारलं, गाठ मारली तर काय होतं? "लेकराची वाट बांधली जाती, राजी," ती म्हणाली होती. मला राजी म्हणणारी ती एकटीच. घरात मी राजकन्या होते, पुढं मॅडम झाले, आता मावशी आहे.

पिवळं टोपडं सहा दिवसांत झालं. अंधश्रद्धेवर मी शाळेत भाषणं दिलेली आहेत. मी निरगाठ मारली, दोरा कापला आणि टोपडं घडी करून शोकेसमध्ये ठेवलं.

सकाळी गाठ सुटलेली होती.

एकही घर उसवलं नव्हतं. फक्त टोक मोकळं, सरळ, इस्त्री केल्यासारखं पडलं होतं. लोकर गुळगुळीत आहे, असं मी मनाशी म्हणाले आणि दुहेरी गाठ मारली. दुसऱ्या दिवशी तीही सुटलेली. तिसऱ्यांदा मी गाठीवर सुईदोऱ्यानं चार टाके घातले आणि शोकेसला कुलूप लावलं.

चौथ्या दिवशी कुलूप होतं तसंच होतं. टाके नव्हते, गाठ नव्हती. शेवटचं घर उघडं होतं आणि त्यात बाभळीचा काटा खोचलेला होता.

पांढरा, लांब, बुडाशी अजून हिरवा.

मी तो खिडकीतून टाकला. आमच्या गल्लीत बाभूळ नाही, हे मी नंतर चालत जाऊन बघून आले. दोन्ही टोकांपर्यंत.

मग मी जुन्या सवयीनं वही केली. तारीख, वस्तू, गाठीचा प्रकार. रद्दीची सुतळी. पिठाच्या पिशवीचा दोरा. वाळत घातलेल्या परकराची नाडी. वाळवणीच्या दोरीची खिळ्याकडची गाठ, कपड्यांसकट खाली. झोपेत मीच सोडत असेन, असंही लिहिलं, आणि एक दिवस बोटांना कुंकू लावून झोपले. सकाळी कुंकू बोटांवर होतं, सुतळीवर नव्हतं.

"मावशी, तुमच्याकडं उंदीर झालेत का?" तनुजा एकदा म्हणाली. "माझ्या माळा सुटून राहिल्यात. काल तर अंगदच्या बुटाच्या लेस बी. ते मलाच बोलतेत, म्हणे वाकता येत न्हाई तर हात कशाला लावतीस."

"उंदीर गाठ सोडत नाही, कुरतडतो."

"हाव, ते बी खरं." तिनं मांडीवरचे मोती गोळा केले. "टोपड्याचं टोक असंच ठेवलंय?"

"राहू दे," मी म्हणाले. "बाळ आल्यावर मारू."

तिला बरं वाटलं. मला वाटलं नाही.

*

तनुजाला मंगळवारी पहाटे दवाखान्यात नेलं. सासूबाई सोबत होत्या. मी निघाले तर अंगद म्हणाला, "मावशी, तिथं दोघांच्या वर आत घेत न्हाईत. मी फोन करतो."

दहाला फोन आला. अजून काही नाही. बाराला आला. अजून काही नाही. अडीचला त्याचा आवाज बदललेला होता.

"लेकरू खालीच सरकंना मावशी. ठोके कमी होऊन राहिलेत म्हणं. डॉक्टर म्हणतेत अर्धा घंटा बघू, न्हाई तर ऑपरेशन. ती तुमचं टोपडं मागत होती. द्यायचं राहिलं बगा."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

सगळ्या डब्यांची झाकणं काढलेली होती. प्रत्येक झाकण आपापल्या डब्याशेजारी उताणं ठेवलेलं. माठाचं, मिठाच्या बरणीचं, तेलाच्या किटलीचं. कपाट उघडं. खिडक्या उघड्या. पलंगाखालची माझी लोखंडी पेटी बाहेर ओढलेली, आणि तिचं कुलूप उघडून कडीत लोंबत होतं.

असं घर मी एकदा पाहिलं होतं.

अक्काला दोन दिवस कळा येत होत्या. सुईण म्हणाली, घरातलं सगळं मोकळं करा. आईनं कुलपं काढली, पोत्यांची तोंडं सोडली, बायकांनी केस सोडले, दादांनी, म्हणजे वडिलांनी, दावणीची जनावरं सुद्धा सोडून दिली. बैल गल्लीत हिंडत होते. मग आतून आईनं विचारलं. दिवस मावळायच्या आत अक्का गेली, लेकरू तिच्या पोटातच राहिलं.

पेटीत माझ्या प्रमाणपत्रांखाली गुलाबी टोपडं होतं. चव्वेचाळीस वर्षं मी ते जपलं नव्हतं, फेकलंही नव्हतं. त्याला अजून टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती. इयत्ता नववी. हस्तकला. प्रथम क्रमांक. खाली माझं नाव.

त्याची गाठ मोहरीएवढी होती. घट्ट, काळपट. साऱ्या घरात बांधलेलं तेवढंच उरलं होतं.

मी नखानं बघितलं. सुईनं बघितलं. दातानं बघितलं. माझीच गाठ होती, ती कशी सुटणार.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार लागलं. वारा नव्हता.

मी दाराशी गेले नाही. होते तिथंच खाली बसले.

"कुठं गाठ राहिली का गं?"

आईला जाऊन अकरा वर्षं झाली. पण आवाज तिचा नव्हता. दमलेला होता, कोवळा होता.

"हाव," मी म्हणाले.

आत काही हाललं नाही.

"टोपडं मी नेलं, अक्का. प्रदर्शनात पुरं केलेलंच घेत होते. काटा काढला, गाठ मारली, माझं म्हणून दिलं."

गाठ तशीच होती. घड्याळात तीनला पाच कमी होते. मला ठाऊक होतं, अजून काय राहिलंय ते.

"मला आठवत होतं," मी म्हणाले. "आईनं विचारलं तेव्हा मला सगळं आठवत होतं. शाळा चार घरं सोडून होती. पळत जाऊन आणता आलं असतं. पण संध्याकाळी नंबर लागणार होते. म्हणून मी न्हाई म्हणलं."

बोटांना काहीतरी सैल लागलं.

गाठ सुटली होती. टोक आपोआप सरळ झालं आणि फरशीवरून दाराकडं निघालं. दाराच्या फटीतून आत गेलं. मग टोपडं उसवू लागलं, घरामागून घर, सावकाश, कुणी हातावर गुंडाळून घेतं तशा ओढीनं. मी ते ओंजळीत सैल धरलं. उगीच मोजत होते. बहात्तर. साठ. अठ्ठेचाळीस. शेवटी बारा. मग ओंजळीत नुसती चिठ्ठी उरली.

फोन वाजला.

"मुलगी झाली मावशी," अंगद रडत होता. "आत्ताच, तीनला. ऑपरेशन करावं लागलं न्हाई. दोघी बऱ्या हायेत."

मी उठून आतलं दार ढकललं. खोली रिकामी होती. दोऱ्याचा तंतू सुद्धा नव्हता.

*

पाचव्या दिवशी तनुजा घरी आली. मी पिवळं टोपडं घेऊन वर गेले. बाळाचं डोकं नारळाएवढं, त्यावर काळंभोर जावळ. टोपडं घातलं, ते बरोबर बसलं, आणि ते डोक्यावर असतानाच मी शेवटच्या घरातून दोरा ओढून गाठ मारली. ती राहिली.

तनुजा माझ्या हातांकडं बघत होती. सासूबाई आत खीर हलवत होत्या. मी निघाले, तर तिनं माझा पदर धरला.

"मावशी, तुमचं नाव राजकन्या न?"

"हो. का गं?"

"कुणी राजी म्हणतं का तुम्हाला?"

मी परत बसले.

"अंगद म्हणले, दवाखान्यातल्या सुईमुळं भास होतेत, कुणाला सांगू नको. पण सांगितल्याबिगर मला झोप लागंना." तिनं आवाज खाली आणला. "तिथं एक बाई होती. माझ्या पायथ्याशी बसलेली, केस मोकळे. मला वाटलं नर्सच असंल. लई वेळ नुसतीच बसली. म्हणत होती, राजीनं अजून सांगितलं न्हाई. मग लोकर गुंडाळायला लागली. मळकी गुलाबी. डाव्या हातानं."

बाळानं झोपेत तोंड हलवलं.

"गुंडा झाल्यावर उठली. माझ्या पोटावर हात ठेवला, गार होता. म्हणली, सांगितलं बग तिनं. अन् त्याच वक्ताला हिचं डोकं आलं."

"मग गेली?"

बाळाचं टोपडं तिनं कानांवर ओढून घेतलं.

"दारात थांबली. मागं वळून म्हणली, 'हे लेकरू तुझं. माझं राजीकडं हाय.'"